फुगलेला दगड

माझी आत्या दगडातून वायू कसा जातो याचं गणित मांडायची. वडील पाहुण्यांना सांगत, "दगडाला गॅस झालाय की नाही, हे बघायचा हिला पगार मिळतो." आत्याही हसायची. खरं तर काम गंभीर होतं. जमिनीखाली अर्धा किलोमीटरवर, चिकणमातीच्या जुन्या गाळखडकात, घातक कचरा लोखंडी पिंपांत भरून कायमचा पुरायचा होता. पुढे ती पिंपं गंजणार, त्यातून वायू तयार होणार. तो वायू खडकातून कसा वाट काढेल, हे आत्याला कॉम्प्युटरवर आधी दाखवायचं होतं.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. प्रयोगशाळा तळघरात. तिथे पोलादी नळकांड्यात मुठीएवढा खडकाचा तुकडा बसवून एका टोकाने वायू सोडत, रोज थोडा थोडा दाब वाढवत. एकेक प्रयोग चार-पाच महिने चाले. ते यंत्र एक ऑपरेटर सांभाळत, त्यांना सगळे मामा म्हणत. शिक्षण बेताचं, पण यंत्राला डोळ्यांत तेल घालून जपणारा माणूस. रोजच्या नोंदी ते आत्याला वर आणून देत.

आत्याच्या गणितात खडक जागचा हलत नसे. वायू त्याच्या बारीक छिद्रांतलं पाणी पुढे ढकलत हळूहळू पलीकडे जाई. मामांच्या नोंदी वेगळंच सांगत होत्या. कितीतरी आठवडे पलीकडे काहीच येत नाही, मग एका दिवशी वायू एकदम फुटून बाहेर.

"मॅडम, वायू बाहेर पडायच्या आधी दगड फुगतो," मामा एकदा म्हणाले. "केसाच्या निम्म्या जाडीनं. दाब उतरवला की परत बसतो. तो आतून फाटून वाट देतो आणि मिटतो, असं मला वाटतं."

"दगड कसला फुगतोय मामा? तुमचं गेज सैल झालं असेल."

मामांनी गेज बदललं, नवा तुकडा बसवला. पाच महिन्यांनी तेच. तिसऱ्यांदाही तेच. "एकदा खाली येऊन बघता का?" त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, "येते ना, एवढा अहवाल जाऊ दे."

अहवालाची तारीख डोक्यावर आली होती आणि त्या तीन प्रयोगांपाशीच घोडं अडलं होतं. बाकीचे सगळे आकडे गणिताशी जुळत. आत्याने तिन्ही प्रयोग वगळले आणि तळटीप लिहिली: 'हाताळणीतील दोषामुळे ग्राह्य नाहीत.'

ती ओळ तिने दोन मिनिटांत लिहिली होती. पण साहेबांनी बैठकीत नेमकी तीच वाचून दाखवली आणि विचारलं, "पंधरा महिने वाया गेले, ते कुणाच्या हाताळणीमुळे?" मामा भिंतीशी उभे होते. त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने अहवालाचं पुढचं पान उलटलं. पुढच्या आठवड्यात मामांची बदली भांडारात झाली. निवृत्तीपर्यंत सहा वर्षं ते नळ्या आणि नटबोल्ट मोजत राहिले. जिन्यात भेटले की "काय मॅडम, बरं आहे ना?" एवढंच विचारत.

मामा निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी दुसऱ्या एका प्रयोगशाळेने छापलं, की असा खडक वायूच्या दाबाने फुगतो. आत्याने ते वाचलं. तिने आपल्या गणितातल्या खडकाला फुगायची, फाटायची मोकळीक दिली आणि मामांचे जुने आकडे त्यात घातले. आलेखावर रेघ रेघेवर बसली. नवा लेख तिने मामांचं नाव पहिलं घालून लिहिला. मामांच्या फाइलमधला दोषाचा जुना शेरा पुसायचा अर्जही केला. कार्यालयाने कळवलं, की कर्मचारी निवृत्त आहे, फाइल बंद आहे.

लेख घेऊन ती त्यांच्या घरी गेली. मामांची नजर अधू झाली होती. त्यांनी मुलीला विचारलं, "मापं मीच घेतली, असं लिहिलंय का त्यात?"

"लिहिलंय, बाबा."

"मग ठीक." ते आत्याकडे वळून म्हणाले, "दगड फुगत होता हे मला माहीतच होतं, मॅडम. मापं खोटी ठरली याचं एवढं नाही वाटलं. तुम्ही तीन जिने उतरून आला नाहीत, याचं वाटलं."

आत्या माफी मागायलाच गेली होती. पण ती मागितली असती, तर मामांनी तिथल्या तिथे देऊन टाकली असती आणि इतकं सहज सुटणं तिला नको झालं. तिने ती मागितली नाही.

मुलगी फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "आधी बाबा जेवताना रोज त्या दगडांबद्दल सांगायचे. आज इतका दाब दिला, आज इतका हलला. आम्ही कंटाळायचो. भांडारात गेल्यापासून त्यांनी कामाचं नाव काढलं नाही. आम्हाला वाटलं, वय झालं."

आत्याने हे मला सांगितलं तेव्हा मामांना जाऊन वर्ष झालं होतं. तो लेख अजून लोक वाचतात, त्याचा हवाला देतात. तिला पत्रंही येतात. काही पत्रांत पहिल्या लेखकाचा पत्ता विचारलेला असतो. त्या पत्रांना उत्तर लिहायला तिला फार दिवस लागतात.