‘फरार’ शेरा

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. मी जोगेश्वरीत वरिष्ठ निरीक्षक होतो. जुन्या राजकीय राड्यांत बेपत्ता झालेल्यांच्या बंद फायली पुन्हा तपासा, असा सरकारी आदेश आला.

एका मावशींचा अर्ज होता. नवरा गिरणी कामगार, पक्षाचा कार्यकर्ता. राड्याच्या दिवशी घराबाहेर पडला तो परतलाच नाही. पोलिसांनी उलट त्यालाच आरोपी करून ‘फरार’ शेरा मारलेला. तो राड्यातच मारला गेला, असं मावशींचं म्हणणं; त्यांना तो शेरा काढून हवा होता.

दुसऱ्याच दिवशी निनावी फोन. “बाई खोटारडी आहे, साहेब. नवरा गावाला मजेत आहे. तिचं कपाळ बघा ना!”

मावशींना ठाण्यात बोलावलं. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. तीन तास चौकशी केली.

“नवरा मेला म्हणता, मग कुंकू कशाला?”

“तुम्हीच फरार लिहिलंत. फरारी माणसाची बायको विधवा कशी होईल, साहेब?”

उत्तर फारच तयार वाटलं. माझा संशय वाढला.

गावी माणूस पाठवला. राड्यानंतर तिथे त्याला कोणी पाहिलं नव्हतं. मग जुन्या फायलीतून घरझडतीचा पंचनामा काढला. ‘कपडे, ट्रंक घेऊन पसार.’ पंच कोण, तर ठाण्यासमोरचा मालवणी चहावाला, आमचा हुकमी पंच. तारीख ऐन गणपतीतली. अरेच्चा! हा तर गणपतीत कधीच मुंबईत नसतो.

त्याला बोलावलं. म्हातारा रडकुंडीला आला. “गणपतीक मी गावाक असतंय, साहेबानू. कोऱ्या कागदार सही घेऊन ठेवत. मी चाय विकणारो, नाय कसो म्हणतलंय?”

पंचनाम्यातलं अक्षर ओळखीचं होतं. मला पंचनामा शिकवणाऱ्या दिवंगत साहेबांचं. मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण कोऱ्या सह्या मीही घेतल्या होत्या. तरी अहवालात सगळं लिहिलं. फोनवाल्याचं सिम बोगस निघालं. तो सापडला नाही.

शेरा निघाला. पत्र द्यायला मी स्वतः गेलो. मावशींनी ते दोनदा वाचून घेतलं.

“म्हणजे हे पळाले नव्हते.”

“नाही, मावशी.”

“मग यांना मारलं कोणी?”

“ते आदेशात नव्हतं. जुन्या जखमा उकरू नका, असं वरून सांगितलंय.”

इतकी वर्षं मी लोकांना प्रश्न विचारले. संशय आधी आपल्याच कपाटातल्या फायलींवर घ्यावा, हे मी त्या घरात शिकलो. उशिराच शिकलो.

मावशींनी पत्र माझ्या हातात परत ठेवलं. “मग तपास अर्धाच झाला की, साहेब. पुरा करा, मग आणा.”