पंधरावं कौल

हुबळीत दुर्गदबैल बाजाराच्या मागच्या गल्लीत मराठी मुलींची एक शाळा होती आणि तिथं अंबूताई नावाच्या मास्तरीणबाई सहावीला शिकवत. बाईंचं बाराव्या वर्षी लग्न झालं, तेराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. पुढं थोरल्या भावानं उपकार केल्यासारखं करून धारवाडला ट्रेनिंगला घातलं, म्हणून पोटाला लागल्या. भाऊ वारल्यावर माहेर संपलं आणि सासर कधी नव्हतंच. राहायला एक खोली, जेवायला एक ताट, आणि महिन्याच्या महिन्याला शाळेचा पगार. तो थांबला असता तर बाईंनी जायचं कुठं, हे आमच्या गल्लीत कुणालाच सांगता आलं नसतं. तेवढं एक ध्यानात ठेवा, म्हणजे पुढं त्यांना शिव्या घालताना जरा जीभ आखडेल.

सदतीस सालची निवडणूक आली. लिहिता-वाचता येणाऱ्या बायकांनाही मत मिळणार असं ऐकल्याबरोबर बाईंनी अर्ज केला आणि यादीत नाव लावून घेतलं. काय त्यांचा थाट! भाजी घेतानासुद्धा ती गोष्ट निघायची. भाजीवाली कानडीत म्हणायची, "हौद्री अक्कोर, हौद्री!" आणि वर चार मिरच्या घालायची. हौद्री म्हणजे हो जी, आणि इकडं शिक्षिकेला अक्कोर म्हणतात.

वर्गात मात्र निवडणुकीचं नाव काढायचं नाही, असा शाळेच्या कमिटीचा हुकूम होता. कमिटीत पद्मनाभराव वकील, आणि वकिलांची लेक सुलभा बाईंच्याच वर्गात. बाईंनी डोकं लढवलं. म्हणाल्या, इथली निवडणूक नको ना, मग युरोपातली शिकवते, तीही दोन हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर कोण आक्षेप घेतो बघू! आणि त्यांनी अथेन्स काढलं.

अथेन्स शहरात म्हणे अशी रीत होती. गावाला डोईजड झालेला माणूस दहा वर्षं गावाबाहेर काढायचा असेल तर नागरिक चौकात जमायचे आणि फुटक्या खापरावर त्याचं नाव लिहायचे. ज्याच्या नावाची खापरं जास्त, त्यानं दहा दिवसांत गाव सोडायचं. गुन्हा नाही, साक्षीपुरावा नाही, नुसती मोजणी.

"बाई, पण अथेन्सच्या बायका कुणाचं नाव लिहायच्या?"

ही तानू. दुर्गदबैलातल्या गोपाळ दोरीवाल्याची पोर, बारा वर्षांची. तोंड उघडायची ते 'बाई, पण' म्हणूनच, म्हणून पोरींनी तिचं नाव 'बाईपण' ठेवलं होतं. अथेन्सच्या बायकांना मतच नव्हतं. यादीत नाव लागल्याच्या आनंदात असलेल्या अंबूताईंना ते सांगणं जिवावर आलं. "बस खाली," म्हणाल्या.

"बाई, पण मत आपलंच असतं तर त्याला अर्ज कशाला करायचा?"

"तानू, बस म्हटलं ना!"

तरी पोर गुणी हो. तिला सातवी करून ट्रेनिंगला पाठवायचं, हे बाईंनी मनाशी ठरवलं होतं. तिच्या आईलाही तसं सांगून ठेवलं होतं. घरात आजीच्या मनात वेगळं होतं. आजऱ्याकडचं एक स्थळ दारात येऊन बसलं होतं. आई म्हणायची शाळा, आजी म्हणायची लग्न, आणि गोपाळ मधल्यामध्ये दोऱ्या वळत बसायचा.

बाईंनी ठरवलं, अथेन्सचा खेळ वर्गात करून दाखवायचा. खापरं मिळेनात. तानू म्हणाली, "मागच्या पडवीवर माकडांनी कौलं फोडलीत, आणू?" आणि परकराच्या ओच्यातून मंगळुरी कौलांचे पंधरा तुकडे घेऊन आली. चौदा पोरींना चौदा, एक बाईंना नमुन्याला. बाई तर हरखूनच गेल्या. "बघा गं, काय शब्द आहे आपल्या भाषेचा! छपरावरचं ते कौल, देव देतो तो कौल आणि लोक देतात तोही कौलच. ग्रीकांना तरी सुचलं असतं का?"

बोलू नये ते बोलून गेल्या. त्यांच्या बोलण्यात आलेला देवाचा कौल हा तानूच्या घरात शब्दाचा खेळ नव्हता. आजऱ्याकडची ही माणसं. बैल घेण्यापासून पोर देण्यापर्यंत सगळं गुरवाकरवी देवाला विचारून. मूर्तीला कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकदा कौल पडला की घरात त्यावर ब्र काढायचा नाही.

पोरींनी खडूनं नावं लिहिली आणि तुकडे टोपलीत टाकले. ज्या मुलीचं नाव निघेल तिनं दहा वर्षांऐवजी दहा दिवस व्हरांड्यात बसायचं, असं ठरलं. बाई टेबलाशी मोजायला बसल्या. नावं दोनच निघाली. सात तुकड्यांवर तानू, कारण तिच्या प्रश्नांपायी तास लांबायचा. सातांवर सुलभा, कारण ती फार मिरवायची.

बाईंचा हात थांबला. सात-सात म्हटलं असतं, पोरी हसल्या असत्या, घंटा झाली असती. पण सुलभा संध्याकाळी घरी जाऊन सांगणार की बाईंनी वर्गात निवडणूक घेतली आणि निम्म्या वर्गानं मला बाहेर काढायला कौल दिला. पद्मनाभराव हे ऐकून काय करतील, ते बाईंना चांगलं ठाऊक होतं. तेच सुलभा हरली नाही, सुटली, तर गोष्ट हसण्यावारी जाईल. आणि आता खोटं कशाला बोला, त्या 'बाई, पण'चा थोडा रागही मनात होताच. पुढ्यातला कोरा तुकडा त्यांनी उचलला, पदराआड दोन अक्षरं लिहिली आणि ढिगात सरकवला. "तानू, आठ," म्हणाल्या. "सुलभा, सात." बेरीज कुणी केली नाही. पोरी टाळ्या पिटत होत्या.

तानू उठली. तुकडे बाहेर टाकायला तिनंच टोपली उचलली, मग येऊन व्हरांड्यात बसली. त्या दिवशी तिनं एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशीही नाही.

पाचव्या दिवशी बाई तिच्या घरी गेल्या. दुकानाच्या वर दोन खोल्या. आजी पाटावर वाती वळत बसली होती. बाईंनी विचारलं, "तानू आजारी आहे का हो?"

"न्हाई, अक्कोर. शाळेचा कौल डावा पडला न्हवं तिचा? मग कशी येईल?"

बाई हसल्या. "अहो आजी, तो खेळ होता. छपराच्या कौलांचा."

"कौलाला खेळ म्हनू नगा." म्हातारीनं वाती खाली ठेवल्या. "मी देवाला सांगून ठिवलं हुतं. म्हटलं, पोरीची आई ऐकत न्हाई, ही पोर शाळंला ठिवायची का द्यायची, तूच कायतरी दाव. आठ दिवसांत शाळंतनंच कौल आला. आता आनि काय दावायचं त्यानं?"

गोपाळ दारात उभा होता, मान खाली घालून. तानूची आई चुलीपाशी डोळे पुसत होती. आणि म्हातारी, तिला दोष द्यायला जीभ वळत नाही हो, म्हातारी वाकून बाईंच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "एक इचारते, अक्कोर. कौलाला मानसाचा हात लागला तर कौल बाटतो. गुरवाचा नुसता धक्का लागला तरी आमी परत लावतो. तुमच्या त्या कौलाला कुनाचा हात लागला हुता का? लागला असंल तर सांगा. माझीबी नात हाय ती. उद्या मी सोता तिला शाळंत आनून सोडते."

बघा, दार सताड उघडं करून दिलं होतं म्हातारीनं. एक 'हो' म्हणायचं होतं. पण गोपाळचं दुकान पद्मनाभरावांच्या गाळ्यात. 'बाईंनी खोटं मत टाकलं' ही बातमी दिवेलागणीच्या आत वकिलांच्या ओसरीवर गेली असती, आणि सकाळी बाईंच्या हातात नारळ. अंबूताईंच्या डोळ्यांपुढं ती खोली आली, ते एक ताट आलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "कुणाचा हात लागला नाही."

"मग झालं तर," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा वात वळायला घेतली.

चौदाच्या आत पोरीचं लग्न लावलं तर कायद्यानं दंड होता. पण हुबळीतली मंडळी त्याला कधी अडली नाहीत. दोन गाड्या करून घरची माणसं तो कायदा नसलेल्या संस्थानी हद्दीत गेली, तिथं अक्षता पडल्या आणि तानू तशीच परस्पर सासरी आजऱ्याकडं गेली. त्याच महिन्यात मतदान झालं. एवढा अर्ज करून यादीत नाव लावलेल्या अंबूताई त्या दिवशी खोलीला आतून कडी लावून बसल्या. मत द्यायला गेल्याच नाहीत.

आणि मग त्यांच्या मागं ते लागलं.

पहिल्यांदा झालं ते हजेरी घेताना. तानूचं नाव खोडलेलं होतं, तरी बाईंच्या तोंडून ते निघून जायचं. एकदा नाही, आठवड्यातून दोनदा-तीनदा. नाव घ्यायचं, थांबायचं, उत्तराची वाट बघायची. पोरी एकमेकींकडं बघायच्या. पुढच्या वर्षी नव्या पोरी आल्या. त्यांना तानू कोण हेही ठाऊक नव्हतं. बाई त्यांच्याही हजेरीत ते नाव घ्यायच्या आणि थांबायच्या.

मग प्रश्न सुरू झाले. फ्रान्सच्या राजाची गोष्ट शिकवताना बाई मधेच गप्प व्हायच्या, कान द्यायच्या, आणि कुणी काही विचारलेलं नसताना उत्तर द्यायच्या. "हो, राणीलासुद्धा मारलं." "नाही, तिच्या पोरांचं पुढं काय झालं ते पुस्तकात नाही." दाराकडं तोंड करून बोलायच्या, वर्गाकडं नाही. व्हरांडा रिकामा असायचा. दुपारच्या शांततेत त्यांना स्पष्ट ऐकू यायचं, 'बाई, पण...' आणि पुढचं काही नाही. नुसतं तेवढंच. छपरावर माकडं उतरली आणि कौल वाजलं की त्यांच्या हातातला खडू गळून पडायचा. बाईंना बाहेरचं काहीतरी लागलंय, असं गल्लीत बोललं जायला लागलं. कुणी अंगारा सुचवला, कुणी धारवाडच्या डॉक्टरचं नाव सांगितलं. बाई म्हणायच्या, "मला काही झालेलं नाही. मला फक्त एकीला काहीतरी सांगायचंय."

मग सांगायचं की! आजऱ्याकडं जायला काय, गाड्या नव्हत्या? दर सुट्टीत बाई पिशवी भरायच्या, स्टेशनापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. भित्रं माणूस भुताला भीत नाही एवढं खऱ्याला भितं. अशी नऊ वर्षं गेली. या काळात पद्मनाभराव वारले, आणि गोपाळच्या घरची म्हातारीही गेली. भीती घालणारं कुणी उरलं नाही. भीती मात्र होती तशीच राहिली.

शेहेचाळीस साली पुन्हा निवडणूक आली. बायकांच्या केंद्रावर ओळख पटवायला शिक्षिका नेमल्या, त्यात अंबूताई होत्या. यादी वाचायची, समोरच्या बाईचं नाव विचारायचं, खूण करायची आणि आत सोडायचं. दुपारी त्यांनी यादीतलं एक नाव वाचलं आणि सवयीनं थांबल्या. नऊ वर्षं त्या नावाला कुणी 'हजर' म्हटलं नव्हतं.

"मीच ती, बाई," समोरची म्हणाली. "तानू. मालक वारले, म्हणून परत अप्पाच्या दुकानावर असते. लिहिता-वाचता येतं, म्हणून नाव लागलं."

एकवीस वर्षांची बाई, कपाळ पांढरं. अंबूताई खुर्ची सोडून उभ्या राहिल्या. रांगेत वीस-पंचवीस बायका होत्या, शेजारी कारकून होता, दाराशी शिपाई होता. त्या सगळ्यांदेखत बाई म्हणाल्या, "तानू, ते एक कौल माझं होतं गं. मी टाकलं होतं."

"ठाऊक आहे."

"तुला... कुणी सांगितलं?"

"कौलं टाकायला मीच गेले होते की. बिगरीत तुम्हीच होता शिकवायला, तुम्ही पाटीवर काढून दिलेली अक्षरं गिरवली. तुमचा 'त' मला ओळखू येणार नाही होय?"

कारकुनानं घड्याळाकडं बघितलं. रांगेतली एक म्हातारी कुजबुजली, "एन आतव्वा?" म्हणजे काय झालं गं.

"मग तू का बोलली नाहीस, पोरी?" अंबूताईंना रडू फुटलं. "आजीनं विचारलं तेव्हा तू घरातच असशील ना? एक शब्द बोलली असतीस!"

"दाराआड होते. वाटलं, बाई सांगतील. मग तुमचं तोंड बघितलं." तानू म्हणाली, "मी सांगितलं असतं तर तुमची नोकरी गेली असती. आई नेहमी म्हणायची, बाईंना कुणी नाही. मला तर सगळे होते."

अंबूताईंनी टेबलाची कड धरली. तोंडून निघालं ते भलतंच. "मूल आहे का तुला?"

"मुलगी आहे. सहा वर्षांची."

"तिला आण माझ्याकडं. मी शिकवीन. ट्रेनिंगपर्यंत पोचवीन, तानू, माझी शपथ. तुझ्या पाया पडते."

"नको हो बाई, असं करू नका." तानूनं पुढं होऊन त्यांचे हात धरले. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि अंबूताई नंतर सगळ्यांना हेच सांगायच्या की राग असता तर बरं झालं असतं. "तिला गेल्या जूनमध्येच शाळेत घातलीय. हुशार आहे. पण तुमच्या शाळेत नाही घातली."