हाडाला चिकटणारं औषध

फोटोंना चौकटी करून देणाऱ्या त्या दुकानात बोलायचे काका आणि काम करायच्या काकू. गिऱ्हाइकांनाही हे पक्कं ठाऊक होतं. काका पुढे बसून गप्पा हाणत आणि वाट्टेल तो वायदा करून मोकळे होत. मागच्या खोलीत काकू लाकडी पट्ट्या कापायच्या, कोपऱ्यांना सरस लावायच्या आणि चौकट शिकंज्यात आवळून ठेवायच्या. आवळलेली चौकट दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायची नाही आणि तिच्या आसपास पाण्याचा थेंब येऊ द्यायचा नाही, हा त्यांचा कायदा. चहाचा कप घेऊन आत शिरणाऱ्या काकांना त्यांनी कितीदा तरी दारातूनच परत पाठवलं होतं. बाई हाडाची कारागीर, आणि दगा दिला तो नेमका हाडांनीच.

खालच्या फळीवरचा आरसा उचलताना त्यांच्या पाठीत कट्‌कन आवाज झाला. "काच गेली वाटतं!" काका बाहेरून ओरडले. काच शाबूत होती. एक्स-रेमध्ये पाठीचा एक मणका दबलेला निघाला. हाडं आतून विरळ झाली आहेत, एवढ्याशा ओझ्यानंही मोडू शकतात, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. काकांचा चेहरा पार उतरला. घरी येताना ते म्हणाले, "आणखी एकदा काही मोडलं, तर दुकान बंद. सांगून ठेवतो." काकांच्या बोलण्यातलं निम्मं काकू या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत, पण हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. दुकान बंद झालं तर दिवसभर करायचं काय, काकांच्या गप्पा ऐकायच्या? त्या विचाराने काकूंना रडू आलं.

इलाज होता तो वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या औषधाचा. आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवून आल्या, कारण औषध सुरू झाल्यावर दात काढायची वेळ यायला नको. मूत्रपिंडं नीट चालतात ना, हे रक्त तपासून पाहिलं. कॅल्शियमच्या गोळ्या तर आधीच सुरू झाल्या होत्या. ठरल्या दिवशी लेकीबरोबर काकू दवाखान्यात गेल्या, रेलून बसायच्या खुर्चीत बसल्या आणि सुई टोचताना त्यांनी डोळे गच्च मिटले. ते उघडायचा धीर झाला, तोवर बाटली संपत आली होती.

"एवढंच?"

"एवढंच," सिस्टर म्हणाल्या. "आता दोन-तीन दिवस अंग मोडून येईल, ताप येईल."

'मोडून' म्हटल्याबरोबर काकू दचकल्या.

"घाबरू नका हो, पहिल्या खेपेला पुष्कळांना होतं. पॅरासिटामॉल घ्या, पाणी भरपूर प्या."

"पण एकदाच घेऊन वर्षभर कसं पुरतं हे?"

"हाडाला चिकटून बसतं ना, म्हणून."

घोळ झाला तो इथे. चिकटून बसतं! त्यापुढचं काकूंना काही ऐकूच आलं नाही.

घरी आल्याबरोबर त्या सुतासारख्या सरळ पडून राहिल्या. कूस बदलायची नाही, हात हलवायचा नाही, आणि पाणी तर मुळीच नाही. ओला जोड धरत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला हवं होतं? काकांनाही ते तत्काळ पटलं. पाण्याचा जग त्यांनी स्वतः खोलीबाहेर नेऊन ठेवला आणि चौकशीला आलेल्या शेजारणीला दारातूनच वाटेला लावलं. "आत नको. सुकतंय अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आली, तर आई तापाने फणफणलेली आणि ओठ कोरडे ठाक.

"आई, पाणी का नाही प्यायलीस?"

"जोड सुटेल," काकू ओठ न हलवता म्हणाल्या.

लेकीने कपाळाला हात लावला, सिस्टरांना फोन करून सगळं सांगितलं आणि स्पीकर चालू केला. पलीकडून आधी हसू ऐकू आलं. "अहो काकू, तो काय सरस आहे? हाड सारखं झिजत असतं आणि सारखं भरत असतं. तुमच्यात झीज जास्त झालीय, तिला हे औषध आवर घालतं. पडून राहिलात तर उलट नुकसान. आधी पाणी प्या, तापाची गोळी घ्या, आणि बरं वाटलं की चालायला लागा."

"म्हणजे आता मोडणार नाही ना?" हे काकांनी विचारलं.

"तशी हमी नाही देता येत, काका. धोका मात्र बराच कमी होतो."

काका जग आत घेऊन आले. काकू ग्लासावर ग्लास पाणी प्यायल्या, पण हमी नाही हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

दोन दिवसांनी ताप गेला. काकू उठल्या तेव्हा काका घरात नव्हते. दुकानाला कुलूप लावूनच येतात की काय, या धास्तीने त्या हळूहळू चालत तिथवर गेल्या. दुकान उघडं होतं. पुढे कुणी नव्हतं. आतल्या खोलीत काका घामाघूम होऊन एकेक आरसा खालच्या फळीवरून उचलून टेबलाच्या उंचीला मांडत होते. या माणसाने आजवर दुकानात खिळासुद्धा उचलला नव्हता.

"हे काय चाललंय?"

"तू वाकायचं नाहीस. जड उचलायचं ते मी."

"आणि दुकान बंद करणार होतात त्याचं काय?"

काका आरशाची धूळ पुसत राहिले. "पुढच्या वर्षी परत सुई आहे ना तुझी? तोवर तरी चालवू."

"आणि त्यानंतर?"

"त्याच्या पुढच्या वर्षीही आहेच की," काका म्हणाले आणि पुढचा आरसा उचलायला वाकले. त्यांना धास्ती होती ती दुकानाची नव्हे, आपली, हे काकूंना तेव्हा कळलं.