नळीचं दुसरं टोक

दुपारचा डबा खाऊन शशिकांत अर्धवट बांधलेल्या बंगल्याच्या हॉलमध्ये सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर आडवा होतो. गवंड्यांची बडबड हळूहळू लांब जाते. झोप लागते आहे की नाही, हेही त्याला धड कळत नाही. आप्पासो मगदूम गेल्यापासून त्याचं सगळंच असं झालं आहे. वायरिंगच्या कामातला इतक्या वर्षांचा जोडीदार गेला, तरी डोळ्यांतून टिपूस नाही. लोकांना वाटलं, गडी दगड आहे. त्यालाही तसंच वाटतं.

सकाळीच आप्पासोची बायको कमल इथे येऊन गेली. "भावजी, मला कामाला घ्या. यांच्याबरोबर यायची की मी, लेव्हलची नळी धरता येती मला." शशिकांत नुसता "बघू" म्हणाला. आप्पासोच्या जागी त्याला कुणीच नको आहे.

"झोपलास व्हय रं? बोर्डांच्या खुणा काय तुझा सासरा करणार?"

आवाज आतल्या खोलीतून येतो. आप्पासोचाच. शशिकांतला नवलही वाटत नाही. लेव्हलची पारदर्शक नळी पाण्याने भरून दारातून आत गेली आहे. एक टोक त्याच्या हातात, दुसरं आप्पासोकडे. दोन्हीकडचं पाणी थांबलं की तिथे पेन्सिलीने खूण करायची, म्हणजे सगळ्या खोल्यांतले स्विचचे बोर्ड एका उंचीवर येतात.

"आलं का पाणी?"

"हलतच नाही."

नळी जाते तो आप्पासोला ठेवलं होतं त्या दवाखान्याचा पॅसेज आहे. बाकाखालून वळून ती कमलच्या स्वयंपाकघरात शिरते. गॅसवर दूध तापतंय. आप्पासो कुठेच दिसत नाही, नळी मात्र पुढे जातच राहते.

"आप्पा, मी आत येऊ?"

"नगं. टोक सोडू नगंस, पाणी सांडंल."

"मग तू ये."

"आता न्हाई जमायचं." आज डबा नको म्हणावं इतक्या सहज तो हे म्हणतो. "हे टोक कमळीकडं देतो. माझ्यापरीस बरी धरती ती."

पाणी तसूभरही हलत नाही.

"लेका, अंगठा काढ की! नळीचं तोंड दाबून धरलंस तर पाणी हलंल कसं? नवशिक्यागत काय करालायस!"

खरंच की. नळी नेताना पाणी सांडू नये म्हणून लावलेला अंगठा अजून तसाच आहे. शशिकांत तो उचलतो. पाणी खाली जातं, वर येतं, थांबतं.

"बस!" आतून हाक येते. ती कमलची असते.

तो जागा होतो. नळी पिशवीत गुंडाळलेली आहे, कोरडी. तो फोन लावतो. "वहिनी, उद्या सकाळी या. डबा घेऊन या."

पलीकडून कमल म्हणते, "येते."

फोन खिशात टाकताना त्याचं लक्ष अंगठ्याकडे जातं. टोकावर नळीच्या तोंडाएवढा गोल वळ उमटला आहे, पांढरा आणि खोल. तो चोळून बघतो. आधी काहीच जाणवत नाही. मग तिथे मुंग्या येतात, आणि हळूहळू अंगठा दुखायला लागतो.