घर बोलतं ठेवणारी

"जावा बिनघोर. घर मी बोलतं ठेवते."

असं म्हणून ती उजवा तळहात पुढं करायची आणि समोरच्यानं त्यावर घराची किल्ली ठेवायची. किल्ली पडली की मूठ बंद, आणि मूठ थेट कमरेच्या पिशवीत. आमच्या लासुर्ण्यातल्या गल्लीत दहाबारा घरं. त्यातलं कोणीही गावाला निघालं की जीप सुरू व्हायच्या आधी हा कार्यक्रम ठरलेला. तुमच्याही गल्लीत किल्ल्या सांभाळणारं कोणी असेलच. पण ती माणसं फार तर कुलूप बघून जात असतील. आमची आक्का घराशी बोलायची.

मी चौथी शिकलेला माणूस. कारखान्यात फिटर होतो, आता घरी बसून असतो. मला सजवून लिहिता येत नाही. झालं तसं सांगतो.

आक्का आमच्या समोरच्या घरात एकटी राहायची. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. मे महिन्यात आणि दिवाळीत शाळा बंद म्हणजे आक्का मोकळी, आणि नेमकी तेव्हाच सगळी गल्ली सहलीला. कोणी गणपतीपुळ्याला, कोणी दिवेआगरला. आक्का स्वतः कुठंच जायची नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "आगं, चल की एकदा आमच्यासंगं." तर आक्का म्हणे, "मी आले तर तुमच्या घराशी कोण बोलंल?"

तिची पद्धत अशी. रोज दुपारी एकेका घरात जायचं, आतून कडी लावायची, आणि त्या घराला रोज जे ऐकायची सवय आहे ते सगळं ऐकवायचं. दूधवाल्याच्या घरात ती दोनदा खाकरायची आणि "किटली कुठं मेली?" म्हणून ओरडायची. गुरुजींच्या घरात पाढे म्हणायची, मध्येच थांबून "सतराला अडकलास? धर कान!" भांडी आपटायची, नळ सोडायची, न वाजलेल्या फोनला हॅलो म्हणायची. मे महिन्याची दुपार, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही, आणि बंद दाराआडून समुद्रावर गेलेल्या माणसाचा खोकला ऐकू येतोय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पायातली चप्पल तिथंच टाकून घरात पळालो होतो. बायको पोट धरून हसली.

"घर चार दिस गप ऱ्हायलं की माणसं इसरतं, दाजी," आक्का सांगायची. माझी बायको तिची मानलेली बहीण, म्हणून मी दाजी. "मग परत आल्यावर आपल्याच घरात पाव्हणं आल्यागत वाटतं. पाणी बी ग्वाड लागत न्हाय."

"तुला काय ठावं?"

"लगीन झाल्यावर आमी तुळजापूरला गेलो हुतो. पाच दिसांनी आलो, तर घरानं वळकलं न्हाय आमाला."

एवढंच. तिचा नवरा त्याच वर्षी गेला, हे मला मागून बायकोनं सांगितलं.

एक नियम ती कडक पाळायची. परत येणाऱ्याचंच बोलायचं. मेलेल्या माणसाचा आवाज काढायचा नाही. गुरुजींची आई वारली तेव्हापासून त्या घरात म्हातारीचं "राम राम राम" आक्कानं बंद केलं. "तिचं न्हाय काढायचं आता," म्हणाली.

एकदा एक कुटुंब कोकणातून एक दिवस आधीच परत आलं. पोराला घाटात उलट्या लागल्या होत्या. सून पिशव्या घेऊन दारात पोचली, तर आतून तिचाच आवाज. "व्हय व्हय, तुमच्या आईलाच इचारा. मी कोण लागून गेले हितं?" सासू मागंच उभी. सासूनं विचारलं, "हे तू कवा म्हनलीस गं?" तेवढ्यात कडी निघाली आणि आक्का पदराला हात पुसत बाहेर आली. "रोज म्हणती. घराला सवय झालीय." आठ दिवस ती सून आक्काशी बोलली नाही. दिवाळीत किल्ली मात्र तिच्याच हातात ठेवली.

आम्ही दोघं जन्मात एकदाच सहलीला गेलो. लेकीनं आणि जावयानं महाबळेश्वरला नेलं. तिथं थंडगार हवा, पुढ्यात स्ट्रॉबेरी, आणि बायकोचा जीव लासुर्ण्यात. लेकीच्या फोनवरून आक्काला लावला. "आमचं घर काय म्हणतंय?" पलीकडून आक्का, "दाजी खेकसत्यात, तू हसतीस. समदं ठीक हाय."

गेल्या वर्षीच्या श्रावणात माझी बायको गेली.

त्याचं मी लिहिणार नाही. एक सांगतो. तीन महिन्यांत तिचा आवाज मला आठवेनासा झाला. चेहरा आठवतो, पायातली जोडवी आठवतात, आवाज नाही. फोटो आहे, पण फोटो बोलत नाही. फोनमध्ये तिचा आवाज कोणी धरून ठेवला नव्हता. एवढ्यासाठी मी रात्ररात्र जागलो, पण आवाज आला नाही. मग दिवसभर टीव्ही लावून बसायला लागलो.

मे महिन्यात लेकीनं हडपसरला बोलावलं. मी किल्ली आक्काच्या तळहातावर ठेवली. ती म्हणाली तेच, "जावा बिनघोर." लेकीच्या फ्लॅटात मला करमेना. आठ दिवसांसाठी गेलो होतो, चौथ्या दिवशीच एसटी धरली. दुपारी दोनला गल्लीत शिरलो. सगळी दारं बंद. माझ्या दारापाशी आलो आणि आतून माझाच आवाज आला.

"टावेल कुठं टाकलाय?"

आक्का. मी ओळखलं. हसूसुद्धा आलं. असा वसकन ओरडतो मी?

आणि आतल्या खोलीतून, हळू, कोणीतरी म्हणालं, "डोळ्यांपुढं तर हाय."

तो तिचा आवाज होता. चाळीस वर्षं मी टॉवेल विचारला आणि चाळीस वर्षं ती हेच म्हणाली. माझ्या हातातून पिशवी पडली. आत एकदम सामसूम झाली. आक्कानं दार उघडलं. तिच्या कपाळावर घाम होता. "लवकर आलाव," एवढंच म्हणाली आणि किल्ली देऊन निघून गेली.

त्यानंतर मी प्रवासी झालो. आठवड्यातून एकदा किल्ली द्यायची, बारामतीला जायचं, स्टँडवर बाकड्यावर बसून भेळ खायची, आणि दुपारच्या गाडीनं गुपचूप येऊन आपल्याच घराच्या मागच्या खिडकीखाली उभं राहायचं. दूधवाला विचारायचा, "तात्या, बारामतीत कोण हाय म्हणायचं?" गल्लीत खुसखुस सुरू झाली. मी काय सांगणार? बायकोला भेटायला माझ्याच घरामागं उभा राहतो, असं?

खिडकीतून मला आक्का ऐकू यायची. माझं ओरडणं, माझं खोकणं. मग ती थांबायची, उत्तर ऐकल्यासारखी. मग "बरं बरं" म्हणायची. त्या थांबण्यात मला काहीच ऐकू यायचं नाही. चार वेळा गेलो. चार वेळा तसंच.

शेवटी एक दिवस तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. ती गवारी मोडत होती.

"आक्का, तिचा आवाज काढ. एकदाच. माझ्यासमोर काढ."

तिचे हात थांबले. "दाजी, मी तिचं कवाच बोलले न्हाय. माझ्या तोंडून न्हाय यायचं ते. मी फकस्त तुमचं बोलते."

"खोटं बोलू नगंस. मे महिन्यात मी दारात हुतो. मी ऐकलंय."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हंजी तुमाला बी ऐकू आलं व्हय?"

मी तिच्याजवळ सरकून बसलो.

तिनं मग सगळं सांगितलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती झाडू टाकून पळाली. दुसऱ्या दिवशी परत गेली. "मला तरी दुसरी कोण हुती, दाजी? तुमी गावाला गेलाव की मला माझी मैतरीण भेटती. म्हणून तर जावा बिनघोर म्हणते."

मला राग आला. खरंच आला. माझी बायको, माझं घर, आणि बोलते कोणाशी? "मग माझ्याशी का बोलत न्हाय?"

"तुमी बोलताव का? ती गेल्यापास्नं त्या घरात तुमी एक शबुद तरी काढलाय? टीव्ही बोलतो नुसता." गवारीचा देठ तिनं कटकन मोडला. "तिला वाटत आसंल, ती हाय तितंच हाय आन तुमीच कुठं गेलाव."

मी घरी आलो. टीव्ही बंद केला. बोलायचं म्हणून तोंड उघडलं, पण रिकाम्या घरात एकट्यानं काय बोलायचं? जीभ हलेना. लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे तीनचार महिने गेले.

दिवाळीच्या तोंडावर आक्का खिचडीच्या पातेल्याशेजारीच कोसळली. तिची भाची तिला आपल्या गावी, निरवांगीला घेऊन गेली. चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. गल्लीतली आम्ही पाच माणसं जीपनं मातीला गेलो. दूधवाला धाय मोकलून रडला. आठ दिवस अबोला धरलेली ती सूनही आली होती.

दुपारी परत आलो. अंघोळ केली. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलो. घरात काहीच आवाज नव्हता. कोणाला तरी सांगायला हवं होतं, आणि जिला सांगायचं ती एकच होती. तेव्हा लाज आड आली नाही. स्वयंपाकघराकडं तोंड करून मी म्हणालो,

"आगं, आपली आक्का गेली."

मग आत पाट सरकल्याचा आवाज झाला. आणि माझ्या बायकोचा आवाज आला, स्पष्ट, जसा होता तसा.

"ये की. बस अशी."

ते मला नव्हतं. मी खुर्चीतून उठलो नाही.