शांतीबाईंचं रजिस्टर

दिघ्यातल्या आमच्या गल्लीत शांतीबाईंचा मार न खाल्लेला चाळिशीचा माणूस शोधून सापडायचा नाही. मीही खाल्लाय, तोही एका गिचमिड ‘क्ष’साठी. अक्षर हा बाईंचा जीव की प्राण. लग्न होऊन गुंटूरकडून आलेली ही तेलुगू बाई मराठी शिकली आमच्या आयांकडून, सार्वजनिक नळावर, आणि मग आम्हालाच शुद्धलेखन शिकवायला बसली. तिचा ‘ळ’ ऐकून आमचे वडील स्वतःही जपून बोलायचे.

शाळा कसली, लुथरन मंडळीचा पत्र्याच्या छपराचा हॉल. केमिकल कंपन्यांत ठेकेदाराकडे लागलेल्या वीसेक तेलुगू कुटुंबांनी तो नव्वद साली सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून उभा केला. रविवारी बाकांची तोंडं क्रुसाकडे, सोमवारी फळ्याकडे. बाकं फिरवायचं काम आम्हा पोरांचं. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद त्यात नव्हता, सगळ्यांचीच बोटं चेमटायची. पहिल्या वर्षी अकरा मुलं होती. शाळा चौथीपर्यंतच, पण गल्लीतल्या दोन पिढ्या तिथूनच वाचायला शिकल्या. बाईंना मूलबाळ नाही, नवरा गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. शाळा हेच त्यांचं घरदार.

गेल्या वर्षी वस्तीच्या पुनर्विकासाचा सर्व्हे आला. दोन हजार सालाच्या आधीपासून शाळा चालू आहे असा लेखी पुरावा द्या, नव्या आराखड्यात तिला जागा मिळेल, नाहीतर हॉल पडेल, असं स्पष्ट सांगितलं गेलं. सगळी गल्ली हवालदिल झाली, बाई मात्र निवांत. “आमच्याकडं रजिस्टर हाय,” एवढंच त्या म्हणाल्या. मी आता महाप्याला एका कंपनीत कागदपत्रंच सांभाळतो, म्हणून सोबतीला मला नेलं.

सर्व्हेचे साहेब सभ्य होते. त्यांनी बाईंना आधी बसायला खुर्ची दिली. पहिलं पान उघडलं तर नव्वद सालची अकरा नावं, जन्मतारखा, पालकांचा धंदा, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. साहेबांनी अक्षराचं कौतुक केलं. पानं उलटत ते मागच्या पुठ्ठ्यापर्यंत गेले आणि तिथं थांबले. तळाशी बारीक टायपात रजिस्टर छापल्याचं साल होतं, दोन हजार चार. नव्वद सालापासूनची सगळी नावं एकाच निळ्या शाईत, एका बैठकीत लिहिल्यासारखी. त्यांनी रजिस्टर मिटून बाईंपुढे सरकवलं.

झालं होतं असं. दोन हजार चारला शाळेला मान्यता मिळाली, सरकारी नमुन्याचं नवं रजिस्टर आलं. जुन्याला वाळवी लागली होती. दिवाळीच्या सुट्टीत बाईंनी प्रत्येक नाव नव्यात उतरवून काढलं. जुनं ठेवायचं तर सोडाच, त्यांनी ते पुरलं. या मंडळीत फाटकं बायबल, जीर्ण गीतांचं पुस्तक रद्दीवाल्याला कधी देत नाहीत. अय्यगारू, म्हणजे त्यांचे पाळक, प्रार्थना म्हणतात आणि हॉलमागे मातीत ठेवतात. बाईंनी रजिस्टरालाही तोच मान दिला. लेकरांची नावं आहेत, त्यांच्यात वडापाव बांधला जाऊ नये, असं त्यांना वाटलं. यात कुणाला काय दोष द्यायचा? तरी त्या दिवशी मला बाईंचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर आम्ही हॉलमागे खणलं. कमरेइतकं खाली गेलो. खाडीकडची काळी माती, पाणी, आणि पुठ्ठ्याला चिकटवतात त्या कापडाची एक कुजकी पट्टी, बाकी काही नाही. जुने फोटो होते, त्यांच्यावर तारीख नाही. वीज कित्येक वर्षं शेजाऱ्याच्या मीटरवरून घेतलेली, त्यामुळे जुनं बिलही नाही. शेवटी आम्ही चाळीस माजी विद्यार्थी रजा टाकून, बाईंना घेऊन साहेबांकडे गेलो. तोंडी साक्ष चालत नाही, असं ते खाली बघत म्हणाले. त्यांच्याही हातात काही नव्हतं.

तेव्हा बाई खुर्चीवरून उठल्या. “सायेब, चूक माझी हाय. पोरांची काय चूक? दंड, शिक्षा, काय ते मला करा. शाळेला नका करू.”

“बाई, तुम्हाला शिक्षा करून शाळेची तारीख बदलत नाही,” साहेब म्हणाले. मी बाईंना धरून खाली आणलं. जिन्यात मला रडू फुटलं, त्यांना नाही.

डिसेंबरात एका शनिवारी हॉल पाडला. मुलांना महापालिकेच्या शाळेत घ्यायचं ठरलं होतं, पण ती हायवेपलीकडे, आणि लहानग्यांना तिकडे कोण सोडणार हे कुणी ठरवलं नव्हतं. सोमवारी सकाळी मी कामाला निघालो तर विटांच्या ढिगापुढे वीसेक मुलं पाठीवर दप्तरं घेऊन रांगेत उभी. बाई समोर, रोजच्यासारखी इस्त्रीची साडी नेसलेल्या. त्या एकेकाचं नाव घेऊन घरी पाठवत होत्या. पहिलीतली रुतिका जाईना. उद्या किती वाजता यायचं, एवढंच ती विचारत राहिली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या, त्यांनाही येत नसलेलं उत्तर मला विचारत होत्या.