इस्त्रीवालीचा नवरा नाचतो

कोपऱ्यावरच्या दुकानात इस्त्रीवालीने आयुष्य काढलं, पण गिऱ्हाइकाचा एक कपडा कधी जाळला नाही. लग्नाचे सूट, डॉक्टरांचे पांढरे कोट, सगळं कडक घडीत परत जायचं. आणि त्या गुरुवारी सकाळी तिने तापलेली इस्त्री एका निळ्या सदऱ्यावर ठेवली आणि वास सुटेपर्यंत उचललीच नाही. सदरा तिच्या नवऱ्याचा होता.

नवरा घरं रंगवायचा. शिडीवर उभा राहून छताच्या कडेची रेघ नुसत्या हाताने सरळ ओढायचा. मग तो हात कापायला लागला, पावलं जमिनीला चिकटायला लागली. डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन्स. तेव्हापासून त्याची बटणं, दाढी, गोळ्यांच्या वेळा, सगळं तिच्या गळ्यात. स्वयंपाकघराच्या दारात तो थिजला की ती त्याला हाताला धरून ओढायची आणि तो खेकसायचा, "ओढतेस काय? बैल आहे का मी?"

नाचाच्या वर्गाचं डॉक्टरांनीच सुचवलं. "चालता येईना आणि नाचणार, डोंबल!" असं पुटपुटत ती त्याला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये घेऊन गेली. वर्गात सगळे याच आजाराचे. शिकवणाऱ्या ताईंनी गाणं लावलं, टाळ्यांनी ठेका धरला आणि जोड्या लावल्या. रंगाऱ्याच्या वाट्याला टपालबाई आल्या. उभा जन्म पोस्टाच्या खिडकीत शिक्के मारण्यात गेलेला, आता मान सतत हलायची, तरी ओठांना लाली लावून यायच्या. त्यांनी हात पुढे केला आणि घरात दारात अडकणारा माणूस डुलत डुलत पार समोरच्या भिंतीपर्यंत गेला. वर हसलाही!

इस्त्रीवाली कडेच्या खुर्चीवर होती. तिने टाळ्या वाजवल्या, पण नजर त्याच्या हसण्यावरच खिळली होती. तिच्या वाट्याला कण्हणं आणि खेकसणं. हसू मात्र या बाईला, आयतं.

पुढे वर्गाचा गुरुवार उजाडला की रंगारी सकाळपासून दाढीची घाई करायला लागला. "अगं, निळा सदरा दे. टपालबाई म्हणाल्या, मला निळा शोभतो." तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपणच नवऱ्याला न्हाऊमाखू घालायचं, आपल्याच हाताने त्याच्या कपड्यांना कडक इस्त्री करायची आणि तयार करून दुसरीच्या हातात द्यायचा! म्हणून मग तो सदरा जळला.

रंगाऱ्याने पाठीवरचा तपकिरी डाग निरखून पाहिला. "तुझ्या हातून?"

"माझ्याच. हातच आहे, चुकतो."

"तुझा नाही चुकत."

तिचा बांध फुटला. "त्यांच्याबरोबर पळता तुम्ही! माझ्याबरोबर मात्र पाऊल उचलत नाही. मी काय वाईट केलंय?"

त्याने सदरा मांडीवर ठेवला. मग हळूच म्हणाला, "तू धरलंस ना, की वाटतं आता आपण पडणारच. तुझ्या हातालाच ती धास्ती असते. त्यांना माझी कुठली काळजी? त्यांना स्वतःचा तोल सांभाळायचा असतो."

हे तिला त्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

तो जळक्या सदऱ्यावर जाकीट चढवून गेला. हॉलमध्ये ती नेहमीच्या खुर्चीवर बसली, पण गाणं सुरू झालं तशी ताडकन उठली आणि मधोमध जाऊन म्हणाली, "टपालबाई, हे गाणं माझं."

टपालबाई बाजूला झाल्या. इस्त्रीवालीने नवऱ्याचा हात धरला आणि तो जागीच थिजला. सवयीने तिने ओढलं. तो आणखी घट्ट रुतला. सगळा हॉल बघतोय असं वाटून तिचे कान तापले.

"अगं, थांब," तो म्हणाला. "इस्त्री करताना डोलतेस ना, तशी डोल."

"मी कुठे डोलते?"

"इतकी वर्षं बघतोय मी. या पायावरून त्या पायावर."

ती डोलायला लागली. आधी लाकडासारखी, मग जरा सैल. तोही डोलला, आणि एका ठेक्यावर त्याचं पाऊल सुटलं. तिने त्याच्या अंगठ्यावर पाय दिला, तो ओरडला आणि हसला. अर्ध्या हॉलपर्यंत गेले दोघं.

"छान जमलं हो," टपालबाई मनापासून म्हणाल्या.

"तुमच्याइतकं नाही," इस्त्रीवाली म्हणाली. खोटं कशाला बोला?

आता घरातल्या दारातही ती ओढत नाही. बेसूर का होईना, गुणगुणत डोलते आणि बहुतेक वेळा तो निघतो. गुरुवारचं पहिलं गाणं तिचं, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक झालंय. दुसऱ्या गाण्याला तो टपालबाईंकडे वळतो. तेव्हा ती कडेच्या खुर्चीवर बसते, टाळ्यांचा ठेका धरते आणि मनातल्या मनात जळतेच.